टीडीएस एकशे साठ, पाणी ‘ओके’. मग शिसं कुठून आलं?

पत्राचा सारांश (नाव-पत्ता गुप्त ठेवला आहे): ठाण्यात नौपाड्याच्या बाजूला, पंचेचाळीस वर्षांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं हे पत्र. मुलगा चौदा महिन्यांचा. मैत्रिणीने आग्रह केला म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी खासगी प्रयोगशाळेत तपासून घेतलं. शिसं निघालं लिटरला ०.०२२ मिलिग्रॅम, मर्यादा ०.०१. सोसायटीच्या सेक्रेटरींनी टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजणारं मीटर बुडवून एकशे साठ आकडा दाखवला आणि पाणी उत्तम आहे म्हणाले. दोन वर्षांपूर्वी पाणीकपातीत कमिटीने आवारातलं बोअरचं पाणी सॉफ्टनरमधून (पाण्याचा कठीणपणा घालवणाऱ्या यंत्रातून) काढून गच्चीवरच्या टाकीत मिसळायला सुरुवात केली, ते अजून चालू आहे. सॉफ्टनरवाला आता ‘पाइप गंजू नयेत म्हणून’ टाकीत फॉस्फेटचे गोळे टाकायचं म्हणतोय. सासरे म्हणतात, ‘चाळीस वर्षं हेच पाणी पितोय, काय झालं आम्हाला?’ नवरा म्हणतो, आरओ बसवू, विषय संपला. ताईंचा प्रश्न असा: महापालिकेकडे तक्रार करू, कमिटीशी भांडू, की पाइप बदलेपर्यंत बाळाला घेऊन ऐरोलीला माहेरी जाऊ?

ताई,

तुमच्या घरात चार माणसं चार गोष्टी सांगताहेत आणि गंमत म्हणजे त्या चारही बऱ्याचशा खऱ्या असू शकतात. पालिकेचं पाणी चांगलं असू शकतं. सासऱ्यांचं आयुष्य त्याच पाण्यावर गेलं, हेही खरं. टीडीएस एकशे साठ आहे आणि तुमच्या नळाला शिसंही आहे. या सगळ्या गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते आधी पाहू. भांडायचं कुणाशी, हा प्रश्न त्यातच बराचसा निकालात निघेल.

पत्रात तुम्ही ‘पालिकेच्या पाण्यातलं शिसं’ असं दोनदा लिहिलंय. तिथेच थोडं थांबू या. धरणाच्या पाण्यात शिसं सहसा नगण्य असतं. नळाच्या पाण्यात सापडतं ते बहुतेक वेळा वाटेत मिसळलेलं असतं, आणि त्या वाटेचा शेवटचा तुकडा तुमच्या इमारतीतला आहे. आपल्याकडे इंग्लंड-अमेरिकेसारखे घरोघरी शिशाचे पाइप नाहीत, म्हणून अनेकजण निर्धास्त असतात. पण तुमच्या इमारतीच्या काळातलं प्लंबिंग आठवा. जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड, आणि त्या जस्तात शिशाचा अंश असायचा. जोड मारताना प्लंबर पाइपच्या आट्यांना सफेदा, म्हणजे पांढरा लेप, फासून वर ताग गुंडाळायचे. तो सफेदा कित्येकदा शिशाचाच असे. पितळी नळ आणि कॉक कातायला सोपे जावेत म्हणून त्या पितळातही थोडं शिसं घालतात. शिवाय जुन्या पाइपमधला गंज स्पंजासारखा असतो. वर्षानुवर्षं आलेलं शिसं तो धरून ठेवतो आणि एखाद्या दिवशी कणांच्या रूपात सोडून देतो.

मग इतकी वर्षं ते बाहेर का आलं नाही? कदाचित थोडं येतही असेल, कुणी तपासलंच नाही. पण दुसरी शक्यता जास्त महत्त्वाची आहे. एकाच प्रकारचं पाणी वर्षानुवर्षं वाहिलं की पाइपच्या आतून एक थर बसतो: कार्बोनेटचा, ऑक्साइडचा, गंजाचा. जमीन सारवल्यावर मातीवर जसा एक पापुद्रा धरतो, तसा. त्याच्याखाली धातू असतो, पण पाण्याला तो थेट भिडत नाही. आणि हा थर टिकतो त्या विशिष्ट पाण्यावर. पाणी बदललं, मग ते वाईट झालं नाही तरी, थराचा आणि पाण्याचा जमलेला मेळ मोडतो.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेच्या राजधानीतलं आहे. नोव्हेंबर २०००मध्ये वॉशिंग्टनने जंतुनाशक बदललं. नुसत्या क्लोरीनच्या जागी क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनिया एकत्र. हेतू चांगलाच होता: क्लोरीनमुळे पाण्यात जे नको ते उपपदार्थ तयार होतात, ते कमी व्हावेत. पण तिथल्या शिशाच्या पाइपांत क्लोरीनच्याच जोरावर शिशाच्या डायऑक्साइडचा एक घट्ट, जवळपास न विरघळणारा थर बसलेला होता. क्लोरीनचा तो जोर गेला आणि थर विरघळू लागला. लोकांना हे कळायला २००४ उजाडलं, तोवर हजारो घरांत शिसं मर्यादेबाहेर गेलं होतं. जंतूंच्या बाजूने पाहिलं तर पाण्यात काहीच खोट नव्हती. त्याच वर्षी पाण्यात ऑर्थोफॉस्फेट, म्हणजे शिशावर न विरघळणारा थर बसवणारं फॉस्फेट, घालायला सुरुवात झाली आणि पुढे आकडे उतरले.

अमेरिकेतल्याच फ्लिंट शहराचं नाव तुम्ही ऐकलं असेल. एप्रिल २०१४मध्ये त्या शहराने पैसे वाचवायला डेट्रॉइटचं पाणी सोडलं आणि फ्लिंट नदीचं घेतलं. डेट्रॉइटच्या पाण्यात पाइप राखणारं फॉस्फेट असे. नव्या पाण्यात ते घातलंच नाही, आणि क्लोराइड, म्हणजे मिठातला गंज वाढवणारा घटक, कितीतरी जास्त होतं. त्याच ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने ते पाणी बंद केलं, कारण सुटे भाग गंजत होते. माणसांना मात्र आणखी वर्षभर, ऑक्टोबर २०१५पर्यंत, तेच पाणी प्यावं लागलं. (यंत्राची तक्रार माणसाच्या तक्रारीआधी ऐकली जाते, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.)

ठाण्याचं फ्लिंट होतंय, असं मला अजिबात म्हणायचं नाही. तिथे पाइपच शिशाचे होते. तुमच्याकडे शिसं आहे ते मुलाम्यात, जोडांत आणि पितळात. पण रसायन तेच. म्हणून तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य शिशाबद्दलचं नाहीच. दोन वर्षांपूर्वी टाकीत बोअरचं पाणी मिसळू लागलं, हे ते वाक्य.

सह्याद्रीतल्या धरणांचं पाणी मृदू असतं. क्षार कमी, पाइपच्या भाषेत थोडं ‘भुकेलं’. ग्लासगोला लॉक कॅट्रिन या तळ्याचं असंच मऊ, स्वच्छ पाणी येतं आणि ते शिसं फार सोडवायचं. म्हणून तिथे १९७८पासून चुना आणि १९८९पासून फॉस्फेट घालू लागले. आपल्याकडेही शुद्धीकरण केंद्रात पाण्याचा सामू (पीएच) सांभाळावा लागतो. पावसाळ्यात गढूळपणा वाढला की तुरटी जास्त लागते आणि तुरटीने सामू उतरतो. सामू उतरला की शिसं जास्त विरघळतं. तुरटीऐवजी पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड वापरलं तर सामू कमी उतरतो, पण सल्फेटऐवजी क्लोराइड वाढतं. जिथे शिसं दुसऱ्या धातूला चिकटून असतं, डाख किंवा पितळी जोड, तिथे सल्फेटच्या मानाने क्लोराइड जास्त झालं की ते झिजायला लागतं.

आता तुमची गच्ची. खाडीच्या पट्ट्यातल्या बोअरला क्षार असायचेच, त्यात क्लोराइड आलंच. सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम काढून सोडियम घालतो, क्लोराइडला हातही लावत नाही. उलट मिठाच्या पाण्याने मशीन धुतल्यावर ते नीट खळबळलं नाही, तर क्लोराइड वाढवतो. कॅल्शियम गेल्यामुळे पाइपमध्ये नवा थर बसत नाही आणि जुना हळूहळू सुटतो. त्यातही कपात असेल त्या दिवशी बोअर जास्त, नसेल त्या दिवशी पालिकेचं जास्त. म्हणजे पाइपला रोज वेगळं पाणी. थराच्या दृष्टीने याहून वाईट काही नाही. हेच कारण आहे असं मी इथे बसून छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण संशय घ्यायचा तर पहिला इथेच घ्यावा.

सेक्रेटरींच्या मीटरचं काय? टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजून क्षारांचा एकूण अंदाज देतं. त्याची सगळ्यात बारीक पायरी लिटरला एक मिलिग्रॅम. शिशाची मर्यादा त्याच्या शंभराव्या हिश्शावर आहे. उद्या मर्यादेच्या दहापट शिसं आलं तरी काटा हलणार नाही. पण मीटर फेकून देऊ नका. जमिनीखालच्या टाकीत पालिकेचं पाणी पडतं तिथे बुडवा आणि मग गच्चीवरच्या टाकीत बुडवा. दोन आकड्यांत जो फरक येईल, तो बोअरचा. भांडण न करता दाखवता येईल असा हा पुरावा आहे.

आणि ते गोळे. तुम्ही लिहिलंय, ‘फॉस्फेट शिसं रोखतं असं वाचलं, म्हणजे हे तरी बरं ना?’ कृपा करून टाकू देऊ नका. शिसं रोखतं ते ऑर्थोफॉस्फेट. ते शिशाशी मिळून न विरघळणारा थर तयार करतं, पण त्यासाठी सामू ठरावीक ठेवावा लागतो आणि मात्रा लिटरला अगदी थोड्या मिलिग्रॅमची, रोज मोजून. बाजारातले काचेसारखे दिसणारे गोळे बहुतेक पॉलिफॉस्फेटचे असतात. ते गीझरमध्ये क्षार धरू नयेत म्हणून बनवलेले आहेत आणि त्यांचं काम नेमकं उलटं: धातूला पकडून पाण्यात विरघळलेला ठेवणं. शिसंही त्यात आलं. नळाला येणारा तांबूस रंग जाईल, सगळे खूश होतील आणि शिसं वाढेल.

आता तुमच्या ०.०२२ या आकड्याकडे येते. तो खरा असेल, पण एका बाटलीवरून काही ठरत नाही. ती बाटली सकाळी भरली की दुपारी, नळ आधी किती वेळ चालू होता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यावर आकडा दुप्पट-तिप्पट फिरतो. पुन्हा तपासा, पण या रीतीने. रात्री शेवटचं भांडं घासून झालं की नळ बंद, सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही. सहा ते आठ तास पाणी पाइपमध्ये उभं राहिलं पाहिजे. सकाळी पहिलं पाणी, नळाच्या तोंडाची जाळी न काढता, एक लिटरच्या बाटलीत. मग दोन-तीन मिनिटं नळ चालू ठेवून दुसरी बाटली. तिसरी गच्चीवरच्या टाकीची. चौथी खालच्या टाकीत पालिकेचं पाणी पडतं तिथली. बाटल्या प्रयोगशाळेकडूनच आणा, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता आहे का ते विचारा, आणि त्यांचं यंत्र ०.०१च्या खाली नीट मोजतं का तेही. शिशाबरोबर सामू, अल्कलिनिटी, कठीणपणा, क्लोराइड आणि सल्फेट मागा. क्लोराइडला सल्फेटने भागा. उत्तर अर्ध्याच्या वर गेलं तर जोडांच्या झिजेचा धोका वाढतो. हा इशारा समजा, निकाल नव्हे.

पहिली बाटली वाईट आणि दुसरी चांगली निघाली, तर दोष तुमच्या नळात किंवा फ्लॅटमधल्या पाइपमध्ये. दोन्ही वाईट पण टाकीचं चांगलं, तर गच्चीवरून उतरणारी लाइन. पालिकेच्या बाटलीत शिसं निघालं तरच पालिकेकडे जायला काही अर्थ आहे. इमारतीच्या पाण्याच्या मीटरपर्यंत जबाबदारी त्यांची, पुढे सोसायटीची, फ्लॅटच्या आत तुमची.

अहवाल यायची वाट न पाहता बाळासाठी आजपासून काय करायचं, ते सांगते. सकाळी पिण्याचं पाणी भरण्याआधी नळ वाहू द्या. अर्ध्या इंची पाइपच्या एका मीटरमध्ये पाव लिटरहून कमी पाणी मावतं, त्यामुळे पाच-सहा लिटर सोडलं की फ्लॅटमधलं साचलेलं पाणी गेलं. गच्चीवरची लाइनही धुवायची तर एक बादली. ते पाणी फरशी पुसायला, झाडांना. नळाच्या तोंडाची जाळी काढून पाहा. तिच्यात गंजाचे तांबडे-काळे कण अडकलेले दिसतील, त्यांतच शिसं असू शकतं. महिन्यातून एकदा ती धुवा. गीझरचं गरम पाणी स्वयंपाकाला किंवा दुधाला वापरू नका. गरम पाणी धातू जास्त सोडवतं. आणि पाणी उकळून शिसं जात नाही. जंतू मरतात, वाफ उडते, शिसं तिथेच राहून उलट थोडं दाट होतं. बाळाचं पाणी दहा-दहा मिनिटं उकळणाऱ्या आज्या-आयांना हे पटवणं कठीण असतं, पण पटवा.

नवऱ्याचं आरओचं म्हणणं चुकीचं नाही. चालू स्थितीतला आरओ बहुतांश शिसं काढतो. नुसता यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारा, काढत नाही. कार्बनचा फिल्टर घ्यायचा तर खोक्यावर शिशासाठी तपासल्याचं स्पष्ट लिहिलेलं असावं. ‘विषय संपला’ एवढं मात्र मान्य नाही. आपल्या घरांत आरओचं पाणी फक्त पेल्यात जातं. भात, डाळ, बाळाची पेज, कणीक मळायचं पाणी हे सगळं सरळ नळाचं. भात तर घातलेलं पाणी पूर्ण पिऊन टाकतो. तेव्हा आरओ बसवला तर शिजवायचं पाणीही त्यातलंच. आणि हा फक्त तुमच्या घरापुरता उपाय. खालच्या मजल्यावर कुणी गरोदर असेल तर तिचं काय, हा प्रश्न उरतोच.

बाळाच्या डॉक्टरांना पाण्याचा अहवाल दाखवा आणि रक्तातल्या शिशाची तपासणी करायची का ते विचारा. शिशाची अमुक पातळी सुरक्षित, असं लहान मुलांच्या बाबतीत कुणी म्हणत नाही. रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त असेल तर स्रोत शोधून तो थांबवावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आकडा वर आला तर केवळ पाण्याला दोषी धरू नका. सुट्टी हळद, जुन्या रंगाचे निघालेले पोपडे, काजळ, कुंकू, आणि शुद्ध कथिलाऐवजी शिसं मिसळून केलेली कल्हई, यांतूनही शिसं येतं. लोह आणि कॅल्शियम कमी असलेलं मूल शिसं जास्त शोषतं, म्हणून हिमोग्लोबिनही त्याच वेळी पाहून घ्या.

ऐरोलीला जायचंच असेल तर आईला भेटायला जा. पाण्यासाठी जायचं म्हणाल, तर नवी मुंबई महापालिकेचं पाणी मोरबे धरणाचं, चांगलं. पण माहेरची इमारतही तीस-पस्तीस वर्षांची असेल तर तिचे पाइप काही मोरबेहून आलेले नाहीत. तिथलीही एक बाटली तपासा, मग ठरवा.

आता सासरे. त्यांना ‘तुमचं चुकतंय’ म्हणू नका, कारण ते चाळीस वर्षांबद्दल बोलताहेत आणि प्रश्न गेल्या दोन वर्षांचा असू शकतो. ‘बाबा, तुम्ही प्यायलात ते पाणी वेगळं होतं, आता टाकीत बोअर मिसळतात’ असं म्हणून पाहा. जुन्या रहिवाशाला आपलं जुनं पाणी परत हवंच असतं. पुढच्या कमिटी मीटिंगला तेच तुमच्या बाजूने बोलतील, असा माझा अंदाज आहे. (मोठ्यांच्या शरीरात फारसं काही दिसत नाही आणि लहानग्याच्या मेंदूवर परिणाम होतो, हा भाग त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. सुनेच्या तोंडून तो टोमणा वाटतो.)

कमिटीशीही तसंच. दोन वर्षांपूर्वी टंचाईत त्यांनी पाण्याची सोय केली, तेव्हा सगळ्यांनी टाळ्याच वाजवल्या असतील. पत्रात दोष कुणाला देऊ नका. दोनच मागण्या लिहा: बोअरचं पाणी संडास-फ्लशिंगच्या वेगळ्या टाकीत जावं आणि पिण्याच्या टाकीत फक्त पालिकेचं, गोळे किंवा कुठलंही रसायन सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय आणि लेखी माहितीशिवाय टाकू नये. वेगळी टाकी आणि वेगळी लाइन टाकायला पैसे लागतात, पण सगळी लाइन बदलण्यापेक्षा कमीच. एक सावधगिरी: बोअर बंद केल्यावर पाणी पुन्हा बदलणार. त्यामुळे पुढचे काही आठवडे शिसं वर-खाली होऊ शकतं. ‘बंद करूनही फरक नाही’ म्हणत लगेच कुणी पुन्हा चालू करायला नको. दोन-तीन महिन्यांनी परत मोजा.

पाइप बदलायची वेळ आलीच तर तुकड्यातुकड्याने बदलू नका. जुना पाइप कापताना हादरे बसून गंज सुटतो आणि काही दिवस शिसं उलट वाढतं. लाइन पूर्ण बदला आणि बदलल्यावर जाळ्या काढून भरपूर पाणी सोडा. प्लास्टिकचा पाइप म्हणजे शिसं नाही, असंही धरून चालू नका; पीव्हीसी टिकाऊ करायला शिशाची संयुगं वापरत आलेत आणि त्यावर केंद्राने २०२१मध्ये नियम केले. दुकानदाराकडून शिसंविरहित असल्याचं बिलावर लिहून घ्या, गोदामातला जुना माल नको. जोडांना सफेदा नको, टेफ्लॉन टेप. प्लंबर कुरकुरेल, कुरकुरू द्या.

सध्या मात्र पाइपचं काढूच नका. चार बाटल्या आधी. चारही अहवाल आणि दोन्ही टाक्यांचे टीडीएस पाठवलेत, तर नुसता नळ बदलून भागेल की गच्चीवरून येणारी लाइन काढावी लागेल, ते नक्की सांगता येईल.